लेहरा शिष्याच्या घरी वाजवा

पुण्यातून न्यू जर्सीतल्या मुलाला तबला शिकवताय? मग लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, तुमच्याकडून लावू नका. तो त्याच्या खोलीत, त्याच्याच स्पीकरवर लागू दे. लेहरा आणि तबला एकाच माइकमधून निघाले की दोघांना सारखाच उशीर होतो, आणि तुमच्या कानाला सम (तालाची पहिली मात्रा) समेवरच पडते. तुम्ही इथून लेहरा धरलात, तर तो बिचारा अचूक वाजवूनही तुम्हाला मागेच ऐकू येणार. उगाच बोलणी खाईल.

झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ ही सेटिंग चालू हवी, नाहीतर लेहऱ्याला गोंगाट समजून ते गिळून टाकतं. वायफायऐवजी केबल लावा, ब्लूटूथ हेडफोन तर नकोच.

खरीखुरी साथसंगत मात्र विसरा. एकमेकांचा आवाज पोचायला साधारण 25-30 मिलिसेकंदांपुढे उशीर झाला की लय ओढली जाते. इटलीत त्रिएस्तेच्या तार्तिनी कॉन्झर्व्हेटरीने ‘लोला’ ही प्रणाली उभी केली, तिच्यावर दोन शहरांतले वादक एकत्र वाजवतात. पण त्यांच्यातलं अंतर बेताचं असावं लागतं. पुणे ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाशालाच एका बाजूने 60 मिलिसेकंद लागतात! तेव्हा आधी तुम्ही तुकडा वाजवा, थांबा, मग त्याला वाजवू द्या.