नाणं खरंच डबल छापाचं आहे का?

घड्याळ दुरुस्तीला आलेली माणसं हल्ली खिशातून नाणंही काढतात. "जरा बघा हो, दोनदा छापलंय!" गिरगावातल्या माझ्या टेबलावर दहापट मोठं दाखवणारी आयग्लास असतेच, तेवढी पुरते. दिवा मात्र वरून नको. बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि नाणं सावकाश फिरवा.

आता अक्षराची दुसरी कड नीट पाहा. ती पायाशी सपाट, बुटकी पायरी असेल आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक झालं असेल, तर तो डबल डाय (डाय म्हणजे नाणं छापणारा ठसा) नव्हे. छापताना ठसा सैल होता, घसरला आणि अक्षराचा उठाव चेपला, बस. असली नाणी ढिगाने मिळतात. खऱ्या डबल डायमध्ये चूक ठशातच असते. मूळ साच्यावरून ठसा तयार करताना तो एकाहून जास्त वेळा दाबला जायचा. मध्ये जरा फिरला की नक्षी दुहेरी उमटायची. तिथे अक्षर जाड होतं, दोन्ही छाप उठावदार असतात, टोकाला खाच पडून फाटा दिसतो, आणि त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर हेच दिसतं. अमेरिकेच्या १९५५ च्या एक सेंटचा फोटो पाहा. साल नुसत्या डोळ्यांनीही दुहेरी दिसतं.

सालाखालचा ठिपका ही चूक नाही, ती नोएडाची खूण. आपल्या फोर्टातल्या टाकसाळीची हिरा, हैदराबादची तारा, कोलकात्याची काहीच नाही.

कडेचा गोलसर तुकडा गेलेला असेल तर बरोबर समोरची कड बघा. पत्र्यातून नाण्याची कोरी चकती कापताना पंच आधीच्या भोकावर चढला की ती अपुरी निघते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात समोरच्या बाजूला पुरेसा दाब बसत नाही, तिथली कड पुसट राहते. कानस मारलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत! मला हीच तपासणी आवडते, कारण फसवणाऱ्याला समोरची बाजू सुचतच नाही.

एका बाजूचा ठसा दुसरीच्या मानाने फिरलाय का, ते पाहणं साधं आहे. सिंह सरळ ठेवून नाणं वर-खाली दोन बोटांत धरा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. आपल्या आजच्या नाण्यांची मागची बाजूही सरळच यायला हवी. दहाच्या नाण्यात मधली चकती सरकलेली दिसली, तर नक्षी सांध्यावरून सलग जाते का पाहा. सांध्यावर तुटत असेल तर कोणीतरी नंतर ठोकलंय. रुळावर ठेवून चपटी केलेली तर लगेच कळतात, अक्षरंच पसरलेली असतात.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांसाठी कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेच २०२१ मध्ये सांगितलंय. आणि टूथपेस्टने घासू नका हो! चकचकीत नाणं आणलंत, तर संग्राहक ते हातात घेऊन लगेच परत देतो.