रॅम आणि ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

आधी मदरबोर्डचं नेमकं मॉडेल बघा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या. दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी बसतच नाही, जोर लावला तर स्लॉट मात्र जातो. एएम५ (एएमडी प्रोसेसरचं सॉकेट) बोर्डवर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० या इंटेलच्या सॉकेटमध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, तिथेच घोळ होतो.

१६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्या. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारी सोय, चालू करा, नाहीतर ६००० वेगाची डीडीआर५ रॅम ४८०० वरच रेंगाळते. पुढे आणखी दोन पट्ट्या जोडायचा मोह टाळा. डीडीआर५ चार पट्ट्यांवर बहुधा वेग कमी करते.

कार्डाच्या बाबतीत मिलिमीटरमधली लांबी कॅबिनेटच्या मापाशी ताडून बघा. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा रेडिएटर असेल तर त्याची आणि पंख्याची जाडी वजा करा. पॉवर सप्लायचे नुसते वॅट बघून भागत नाही, कार्डाला लागणारे जोडही बघा. मदरबोर्डवरचा कार्डाचा स्लॉट ७५ वॅट देतो, पॉवर सप्लायचा ८ पिनी जोड १५०. दोन जोड असतील तर दोन स्वतंत्र केबली लावा. १६ पिनी जोड पूर्ण आत गेला नाही तर तापून वितळू शकतो.

आठच लेनचं (डेटाच्या वाटांचं) स्वस्त कार्ड पीसीआयई ३.० (कार्डाच्या स्लॉटची जुनी, हळू पिढी) बोर्डवर, विशेषतः कार्डाची मेमरी भरल्यावर, अडखळतं. आणि मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा, मदरबोर्डला नाही!