कूलरची घरघर कोण नीट काढतं?

परभणीच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून पॉडकास्ट रेकॉर्ड करणं म्हणजे घामाची आंघोळ. मग घरघर काढायला ॲडोबी पॉडकास्ट घ्यावं की ऑफोनिक? दोन्ही आवाज साफ करणारी ऑनलाइन साधनं.

१. अख्खा एपिसोड नको. ३० सेकंदांचा तुकडा घ्या. त्यात कूलर, थोडं हसू आणि ‘बाळ’, ‘पाणी’ असे शब्द हवेत. माझे तरी ळ आणि ण आधी बिघडले.

२. तो दोन्हीकडे टाका. ऑफोनिकवर महिन्याला २ तास फुकट आहेत.

३. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने दोन्ही फाइली वजा १६ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा हे मोजायचं एकक) आणा. हे टाळूच नका, मोठा आवाज कानाला उगीच चांगला वाटतो.

४. कुठली फाइल कुणाची ते कळू नये म्हणून फाइलींची नावं झाकून, इअरफोन लावून ऐका.

मूळ वेव्ह फाइल पुसू नका. शब्दाचं शेपूट गिळलेलं बऱ्याचदा नंतर कळतं.