घरच्या स्टोरेज सर्व्हरला पार्ट घेताना डिस्कपासून सुरुवात करा

बरेच जण आधी प्रोसेसर बघायलेत, पण घरच्या सर्व्हरला तेवढी ताकद लागतच नाही, इंटेल एन१०० सारख्या साध्या प्रोसेसरवर फायली, फोटो बॅकअप आणि टीव्हीवर पिक्चर आरामात चालतात अन् लाईट बिलही कमी येतं. फक्त मदरबोर्डावर साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) मोजून घ्या, एन१०० च्या कित्येक बोर्डांवर दोनच असतात, उद्या डिस्क वाढवायच्या झाल्या तर अडकाल.

खरा पैसा डिस्कवर घाला. सीएमआरच घ्या (यात डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहितात), एसएमआर नको (यात त्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात), कारण रेडमध्ये (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) एक डिस्क गेली की नवीन डिस्कवर डेटा परत भरताना एसएमआर इतकी रेंगाळते की विचारू नका. नुसतं नाव बघून फसू नका, डब्ल्यूडी कंपनीची ‘रेड’ (Red) नावाची २ ते ६ टीबीची डिस्क एसएमआर आहे, ‘रेड प्लस’ सीएमआर. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर बघाच.

आपल्याकडं परभणी-नांदेडचा मे म्हणजे ४२-४३ डिग्री, तेव्हा छोटा दिसायला भारी डबा घेण्यापेक्षा डिस्कसमोर १२० एमएमचा फॅन बसेल असं कॅबिनेट घ्या, धुळीची जाळी काढून धुता आली पाहिजे. अन् लाईटचं तर माहितीच आहे, यूपीएस सर्व्हरला यूएसबी वायरनं जोडता येणारा घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो, घरच्या इन्व्हर्टरला हे सहसा जमत नाही.

रेड (RAID) म्हणजे बॅकअप नाही बरं का, लग्नाचे फोटो वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.