इंदूरच्या उन्हाळी मराठी वर्गाआधी

यंदा वर्गाची तयारी पंधरा दिवस आधी धरू या. दिव्यांग मूल दारात आल्यावर धावपळ सुरू झाली की सगळ्यांदेखत त्याला ताटकळावं लागतं, आणि मूल ते विसरत नाही.

आधी प्रत्येक घरी फोन करा. अपंगत्वाचा दाखला मागू नका. वाचताना, ऐकताना, बसताना काय सोयीचं पडतं ते विचारा, शक्यतो मुलालाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांतले कितीतरी नुसतं बघून कळत नाहीत.

खोली तळमजल्यावरचीच घ्या. रामबागेतल्या जुन्या घरांचे उंबरे आपल्या इतके पायाखालचे झालेत की ते दिसेनासे होतात, म्हणून टेप घेऊन जा. दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर उंची भरली तर १:१२ च्या उताराने, म्हणजे उंचीच्या बारापट लांबीने, रॅम्प ३.६ मीटर लांब होतो. पायरीला टेकवलेल्या फळीवरून चाकाची खुर्ची उलटू शकते, तेव्हा तसला जुगाड नको; जागा नसेल तर खोली बदला. दार ९० सेंटिमीटर मोकळं हवं. संडास-बाथरूम स्वतः उघडून पाहा.

मे महिन्यात इंदुरात कूलरशिवाय बसवत नाही, पण श्रवणयंत्र बोलण्याबरोबर कूलरची घरघरही वाढवून कानात घालतं. कूलर एका टोकाला ठेवा आणि त्या मुलाला दुसऱ्या टोकाला, शिकवणाऱ्या ताईंजवळ बसवा. ताईंच्या तोंडावर उजेड हवा, आणि फळ्याकडे वळून बोलणं नको. आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. शाळेत हिंदी असल्याने त्यांना ळ नवा असतो, आणि ओठ बघून समजून घेणाऱ्याला ल आणि ळ सारखेच दिसतात, कारण फरक जिभेचा, तोंडाच्या आतला. म्हणून चित्रांची कार्डं करा: ‘वेल’खाली वेल, ‘वेळ’खाली घड्याळ, ‘गाल’ आणि ‘गाळ’, ‘माल’ आणि ‘माळ’.

आता वाचनपत्रं, आणि इथे घाई करू नका. गेल्या वर्षी मी जुन्या फाइली तशाच पाठवल्या होत्या. त्या युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या एका हिंदी फाँटमध्ये होत्या. पडद्यावर ‘कमल’ दिसायचं, पण आत साठवलेली होती डी, ई, वाय ही इंग्रजी अक्षरं, आणि एका मुलीचा पडदा वाचून दाखवणारा फोन मोठ्याने तेच वाचत राहिला. तिने फोन पालथा ठेवला आणि तास संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मला ते अजून टोचतं. म्हणून सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायचं, पानाचा फोटो पाठवायचा नाही आणि दोन दिवस आधी घरी पोहोचवायचं. पाठवण्यापूर्वी फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावून, डोळे मिटून, पूर्ण ऐका. संगणकासाठी तसंच वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट मिळतं आणि त्यात मराठी आवाजही आहे. छापील प्रत १८ पॉइंटात, ओळी डावीकडून सरळ, कागद न चमकणारा. बरोबर-चूक नुसतं हिरव्या-लाल रंगाने दाखवू नका, खूणही करा.

ब्रेल वाचणाऱ्या मुलासाठी एक आनंदाची गोष्ट आहे: भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांची ब्रेल लिपी, हिंदीला आणि मराठीला एकच, तेच सहा ठिपके. हिंदी ब्रेल येणारं मूल मराठी पानावर थेट बोटं फिरवू शकतं, ळ तेवढा त्याच्याबरोबर बसून दाखवा. ब्रेल पानं आधी सांगून करून घ्या, कागद जाड लागतो आणि मजकूरही जास्त पानं घेतो. अशा वाचकांसाठी नफा न घेता पुस्तक ब्रेलमध्ये उतरवायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटची आडकाठी नाही.

मोठ्याने वाचायची सक्ती कुणावरही नको.

आदल्या संध्याकाळी कूलर लावून शेवटच्या बाकावर बसा आणि फळ्यावरचं ‘वेळ’ वाचा. ळ च्या दोन्ही गाठी तिथून दिसल्या नाहीत तर अक्षर आणखी मोठं काढा.