आपत्तीतील आदेशावर नियंत्रण कोणाचे, हे कसे तपासावे

कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, की जिल्ह्यात आदेशांमागून आदेश निघतात. नदीकाठ रिकामा करा, वाहने ताब्यात द्या, अमुक रस्ता बंद. पाणी चढत असताना आदेश पाळावा; ती वाद घालण्याची वेळ नव्हे. मात्र पाणी ओसरल्यावर हा अधिकार कोणत्या कायद्याने दिला, किती दिवसांसाठी दिला आणि आपण निवडून दिलेल्या सभागृहाला त्याचा जाब केव्हा विचारता येतो, हे तपासलेच पाहिजे.

प्रथम आदेशाची संपूर्ण प्रत मिळवावी; व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश पुरेसा नसतो. वरच्या भागात ‘वाचले’ या शब्दाखाली कायदे व आधीचे शासन निर्णय दिलेले असतात, त्यापुढे ‘ज्याअर्थी’ने कारणे व ‘त्याअर्थी’ने प्रत्यक्ष हुकूम सुरू होतो. त्यानंतर सहीखालील पदनाम पाहावे, कारण एकच अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, दोन वेगळ्या अधिकारांत सही करत असतो. ‘जिल्हादंडाधिकारी’ असे पदनाम असेल, तर आदेश बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (पूर्वीचे 144) किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली असतो. ‘अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण’ असे असेल, तर तो आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 खालचा असतो.

मग मुदत तपासावी. कलम 163 चा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. राज्य शासन अधिसूचनेने तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकते. कलम 37 खालील जमावबंदी शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपलीकडे जात नाही. म्हणजे अधिकाऱ्याच्या आदेशावर नियंत्रण आहे, पण ते वरच्या अधिकाऱ्याचे व मंत्रालयाचे. विधानसभेची मान्यता कोठेही लागत नाही. राष्ट्रपती राजवटीशी तुलना केली, तर हा फरक लख्ख दिसतो. अनुच्छेद 356 खालील उद्घोषणेला दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता मिळाली नाही, तर ती आपोआप संपते. राष्ट्रीय आणीबाणीला तर 44 व्या घटनादुरुस्तीनंतर एका महिन्यात आणि विशेष बहुमताने मान्यता लागते. आपल्या दारात येणाऱ्या आदेशांना मात्र असा दरवाजाच ठेवलेला नाही, आणि माझ्या मते कायद्यातील ही खरी उणीव आहे.

2020 साली या उणिवेची व्याप्ती कळली. विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन 14 मार्चला आटोपते घेण्यात आले आणि पुढचे अधिवेशन 7 सप्टेंबरला, तेही दोन दिवसांचे भरले. घटनेनुसार दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, ही मर्यादा जेमतेम पाळली गेली. दरम्यानचे बहुतेक निर्बंध साथरोग अधिनियम, 1897 आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम यांखालील आदेशांवर चालले. त्वरेने निर्णय घेणे तेव्हा आवश्यक होते, हे मान्य केले तरी इतके दिवस प्रश्नोत्तराचा तास न होणे योग्य नव्हते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात काही आधार आहेत, ते शोधून वापरावे लागतात. कलम 25 नुसार जिल्हा परिषदेचा अध्यक्ष जिल्हा प्राधिकरणाचा सहअध्यक्ष असतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यावर तेथे दीर्घकाळ प्रशासक होते, म्हणजे लोकनियुक्त खुर्चीच रिकामी राहिली. कलम 26 नुसार तातडीच्या प्रसंगी प्राधिकरणाचा अध्यक्ष, म्हणजे जिल्हाधिकारी, एकट्याने अधिकार वापरू शकतो, पण त्या निर्णयाला नंतर प्राधिकरणाची कार्योत्तर (मागाहून दिलेली) मान्यता लागते. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह द्यावा आणि त्यात दोनच गोष्टी मागाव्यात: आदेशाची प्रमाणित प्रत, आणि त्याला कार्योत्तर मान्यता देणाऱ्या बैठकीचे इतिवृत्त. ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. उत्तरही मोघम येते.

ही कागदपत्रे घेऊन आमदारांकडे जावे. सभागृह आदेश रद्द करत नसले, तरी मंत्र्याला उत्तर द्यायला लावते. नुसते निवेदन देऊन फोटो काढण्यापेक्षा तारांकित प्रश्नाचा (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो) किंवा लक्षवेधी सूचनेचा (जी तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधते) मसुदाच आदेशाचा क्रमांक व दिनांक घालून तयार न्यावा. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले, तर सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. कलम 70 नुसार राज्य प्राधिकरणाचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवणे बंधनकारक आहे. तो ठेवला का, हेही विचारायला सांगावे. पैशाच्या बाबतीत अधिक बारकाईने पाहावे. कलम 50 आपत्तीत निविदेशिवाय खरेदीची मुभा देते आणि अधिकाऱ्याचे वापर-प्रमाणपत्र हेच वैध प्रमाणक (खर्चाचा पुरावा) मानते. वाढीव खर्चासाठी शासनाला पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची मंजुरी मागणारे प्रस्ताव) घेऊन सभागृहापुढे यावेच लागते. सभागृहाच्या हातातील सर्वांत मजबूत दोरी हीच आहे. खरेदीबद्दल शंका असल्यास प्रश्न त्या चर्चेत यावा.

वाहन किंवा जागा ताब्यात घेतली असेल, तर कलम 66 खाली भरपाईचा अर्ज स्वतंत्रपणे करावा. कलम 163 चा आदेश अन्यायकारक वाटल्यास तो बदलण्याचा अर्ज त्याच दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. त्याला अर्जदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि अर्ज फेटाळल्यास कारणे लेखी द्यावी लागतात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखालील कारवाईविरुद्ध मात्र स्थानिक न्यायालयात दाद मागता येत नाही. कलम 71 ने ती वाट फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयासाठी ठेवली आहे. सातारा व सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले आहे.