पड वरकशीत जंगल परत येतंय, त्याला हात कसा द्यायचा

गावची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, वीस-पंचवीस वर्षं पड आहे, झाडी माजलीय, आता मे महिन्यात जाऊन जेसीबीने साफ करू आणि मग छान देशी झाडं लावू, असा विचार कोकणातल्या बऱ्याच घरांत चाललेला असतो, आमच्याही घरात होता. हे त्यांच्यासाठी लिहितोय. आधी जेसीबीवाल्याला थांबवा, कारण ज्याला आपण माजलेली झाडी म्हणतो ते अर्धं उभं राहिलेलं जंगल असतं आणि त्याचा खरा जीव जमिनीखाली असतो.

हे समजायला जुनी शेती आठवायला लागते. वरकशीत नाचणी, वरी दोन-चार वर्षं घ्यायची आणि मग जमीन काही वर्षं पड सोडायची, ही पद्धतच होती. भाजावळीला, म्हणजे भाताची रोपं करायची जागा (राब) भाजायला, कवळ, म्हणजे झाडाच्या छाटलेल्या डहाळ्या, लागायची म्हणून ऐन, किंजळ दरवर्षी छाटायचे पण झाड मुळापासून कोणी काढायचं नाही. आमची आजी म्हणायची, ऐनाचा खुंट काढलास तर पुढच्या वर्षी राब कशाचा करशील? म्हणजे तीन-चार पिढ्यांनी ती खोडं जपून ठेवलीयत. माणसं मुंबईला गेली, कोयता थांबला, आणि तेच खुंट फुटले. म्हणून आपल्याकडे पड जमिनीवर जंगल एवढ्या लवकर येतं, सगळं बियांपासून यायचं असतं तर कितीतरी जास्त वर्षं लागली असती. आम्ही एक तुकडा मशीन लावून साफ केला होता. तिथे आज फक्त रानमोडी हे बाहेरून आलेलं तण आहे, आणि बांधापलीकडे हात न लावलेल्या तुकड्यात ऐन घराच्या कौलांएवढे उंच झालेत.

तर पहिलं काम म्हणजे नुसतं बघणं. दिवाळीनंतर गवत सुकायला लागलं की एक दिवस काढा, गावातलं एखादं गुरं राखलेलं जुनं माणूस सोबत घ्या, जुन्या साडीच्या चिंध्या घ्या आणि जे जे झाड ओळखू येईल त्याला चिंधी बांधत जा. ऐन ओळखायचा तर साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, आणि पान उलटं केलंत की देठाजवळ मधल्या शिरेवर बारीक चामखिळीसारख्या गाठी दिसतात. किंजळीलाही अशा गाठी असतात, पण पावसाळा संपल्यावर किंजळ तांबूस पंखवाल्या फळांनी भरते तेव्हा ती लांबूनच कळते. कुंभा, आसाणा, शिवण, सावर, चांदाडा हेही बहुतेक असतीलच.

करवंदीच्या जाळ्या मात्र वाकून आतून बघा. गुरांचं तोंड आत जात नाही, मातीला सावली मिळते, आणि फळं खायला आलेली बुलबुलं तिथेच बसून बिया टाकतात. माझ्या एका जाळीत, अंथरुणाएवढी पण नसेल, रातांब्याची (कोकमाची) दोन रोपं आणि जांभळीचं एक होतं. रातांब्याची कोवळी पानं तांबडी असतात, त्या अंधारातही लगेच दिसली. अशी जाळी तोडून आत नर्सरीतलं रोप लावणं म्हणजे शुद्ध नुकसान आहे.

दुसरं काम वणवा, आणि माझ्या मते नव्वद टक्के यश इथेच आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत कधीही आग येते, कोणी गवत चांगलं येतं म्हणून लावतं, कोणाची बिडी पडते, आणि बोटाएवढी रोपं एका दुपारी जातात. मोठे खुंट परत फुटतात पण दरवर्षी जळाले तर झुडूपच राहतात. त्यामुळे जानेवारी संपायच्या आत हद्दीने निदान दहा-बारा फुटांचा पट्टा गवत कापून, पालापाचोळा झाडून मोकळा करा. गवत फुकट न्या म्हटलं तर गुरंवाले स्वतःच कापून नेतात, शिवाय त्यांचं पण लक्ष राहतं, हे मजूर लावण्यापेक्षा चांगलं.

मग रानमोडी आणि घाणेरी (टणटणी). रानमोडी सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती ओली असताना आणि फुलायच्या आत उपटा, कारण एकदा फुलून म्हातारी उडाली की बी सगळीकडे गेलं. घाणेरी वरून छाटू नका, दुप्पट फुटते, जमिनीखाली तीन-चार बोटं मूळ तोडून झुडूप उलटं टाका. पण सगळं रान एका वर्षात मोकळं करू नका, आधी चिंधी बांधलेल्या रोपांभोवती तेवढंच करा, वरती सावली धरली की रानमोडी आपोआप मागे हटते.

खुंटांना आठ-दहा फुटवे आलेले असतात, दोन पावसाळे जाऊ द्या मग सरळ आणि जाड असे दोन-तीन ठेवून बाकीचे पावसाळ्याआधी धारदार कोयत्याने काढा. वेलींना उगाच हात लावू नका, उक्षीची वेल झाडाला पार झाकून टाकत असेल तरच.

लावायचंच असेल तर जिथे खरंच उघडं आहे तिथे पावसाच्या तोंडावर पांगाऱ्याचे जाड खांब रोवा, ते रुजतात, पाखरं त्यावर बसतात आणि खाली पेरणी करून जातात. रातांबा, जांभूळ यांच्या बिया साठवून टिकत नाहीत, फळ खाल्लं की त्याच आठवड्यात टोचा. आणि हो, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर झाडं लावू नका. तिथलं पावसाळी फुलांचं रान वेगळंच आहे, ते तसंच राहू दे.

कागदाचं एक काम आधीच उरका. सातबाऱ्यावर पंचवीस नावं असतात, लाकूडवाला ठेकेदार एखाद्या हिस्सेदाराला गाठून उभं रान ठरवून मोकळा होतो आणि आपल्याला गणपतीत गेल्यावर कळतं. सगळ्या चुलत्यांशी बोलून घ्या, जमलं तर लिहून घ्या. तोडीला वनखात्याची परवानगी लागते हेही घरात सगळ्यांना माहीत असू दे.

दरवर्षी एकाच दगडावर उभं राहून फोटो काढा. सुरुवातीची चार-पाच वर्षं काही होत नाही असंच वाटतं. मग कुठेतरी पानं वरती एकमेकांना भिडतात, खालचं गवत विरळ होतं आणि सावलीतली झाडं यायला लागतात. आमच्याकडे गेल्या डिसेंबरात ऐनाखाली अंजनीचं पहिलं रोप दिसलं, वीतभर, चकचकीत पानांचं. त्यालाही चिंधी बांधून आलोय.